दहा पायांचे स्वामी

मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरी एक संन्यासी मुक्कामाला होते आणि त्यांना दहा पाय होते.

हे एवढं वाक्य मी आमच्या अण्णांना वेळेवर सांगितलं असतं, तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण वेळेवर बोलणं आणि वेळेवर गप्प बसणं, ह्या दोन्ही गोष्टी मला जन्मात जमलेल्या नाहीत! अण्णा म्हणजे माझे थोरले दीर. काशीत ब्रह्मा घाटाजवळच्या आमच्या गल्लीत 'गुरुजी' म्हटलं की अण्णाच. वेद शिकवतात, स्वतःचं सोवळं स्वतः वाळत घालतात आणि कांदा-लसूण तर सोडाच, मसुराची डाळसुद्धा घरात येऊ देत नाहीत (तिच्या रंगाचा त्यांना संशय आहे). आमचे हे नोकरीनिमित्त जबलपूरला असतात. तेव्हा घरात आम्ही तिघंच, अण्णा, मी आणि माझी मुलगी रेवती.

रेवती विद्यापीठात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. एका दुपारी ती काचेची मोठी पेटी छातीशी धरून जिना चढून आली. पेटीत वाळू, पाण्याच्या दोन वाट्या आणि रिकाम्या शंख-शिंपल्यांचा ढीग. मला वाटलं, शोकेससाठी आणलंय. कौतुकाने वाकून बघायला गेले, तर त्यातला एक शंख चालायला लागला!

"अगं बाई! हे काय आणलंस?"

"आई, चिल्लाऊ नको ना. हर्मिट क्रॅब आहे."

"मराठीत सांग."

"खेकडा."

मी झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. खेकडा! ह्या घरात! हा शब्द नुसता कानावर पडला तरी अण्णा गंगेत तीन बुड्या मारून येतील आणि चौथी मला मारायला लावतील.

"आत्ताच्या आत्ता परत नेऊन ठेव," मी म्हटलं.

"नेता येत नाही. आमच्या लॅबमध्ये रंगकाम सुरू आहे. त्या वासाने हा मरेल. सरांनी सांगितलं, ज्याने त्याने आपापले प्राणी घरी न्या." आणि पोरीचे डोळे भरून आले. "आई, माझा अख्खा प्रबंध ह्याच्यावर आहे गं."

मग तिने मला सगळं समजावून सांगितलं. ह्या प्राण्याचा जन्म समुद्रात होतो आणि मोठा झाला की तो किनाऱ्यावर राहायला येतो. पुढचं अंग टणक, नांगीसुद्धा चांगली दणकट, पण मागचा अर्धा भाग अगदी मऊ, उघडा आणि वळलेला. म्हणून बिचारा मेलेल्या गोगलगायीचा शंख शोधतो, त्यात मागच्या मागे शिरतो आणि तो पाठीवर घेऊन जन्मभर हिंडतो. अंग वाढलं, शंख अपुरा पडायला लागला, की पुन्हा नवीन जागा बघायची.

"म्हणजे भाडेकरूच की!"

"तसंच समज. तर तो नवा शंख कसा निवडतो, कसा तपासतो, कसा बदलतो, हे मला शूट करायचंय. सर म्हणतात, स्वतः बघितल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. ह्याचा शंख केव्हाचा लहान झालाय, पण मी ठेवलेले एवढे शंख, त्याला एक पसंत पडत नाही! बाकीच्यांचे प्राणी बदलून मोकळे झाले. ह्याने दिवाळीच्या आत घर बदललं नाही, तर माझं सबमिशन गेलं आणि वर्षही गेलं."

आता पोटच्या पोरीचं वर्ष जाणार म्हटल्यावर आईने काय करावं? मी पदर खोचला. "हे बघ, पेटी तुझ्या खोलीत राहील. वर परात झाकायची, माकडं येतात. आणि ह्या घरात 'तो' शब्द उच्चारायचा नाही. हर्मिट म्हणजे काय गं?"

"संन्यासी."

"झालं तर मग! आजपासून संन्यासीच म्हणायचं."

ही युक्ती सुचल्याबद्दल मी स्वतःवर इतकी खूश झाले की संध्याकाळी स्वयंपाकघरातून खणखणीत आवाजात विचारलं, "रेवती, संन्याशाला खोबरं दिलंस का?"

बरामद्यात अण्णा जप आटोपून उठत होते. ते तिथेच थबकले.

"सुमन, कोण संन्यासी?"

आता काशीत राहून संन्यासी हा शब्द गुप्त भाषा म्हणून वापरणारी बाई मीच पहिली असेन! इथे संन्यासी घरी आला म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच? पण जीभ पुढे आणि डोकं मागे, ही माझी चाल जुनीच आहे.

"ते... रेवतीच्या विभागात आलेत," मी म्हटलं. "तिकडे रंगाच्या वासाचा त्रास होतो, म्हणून आपल्याकडे."

"प्राणिशास्त्राच्या विभागात संन्यासी?"

"त्यांच्यावर अभ्यास चाललाय."

"अस्सं! विद्यापीठाला उशिरा का होईना, अक्कल आली म्हणायची." अण्णा पाटावर बसले. "कुठले आहेत?"

"कोकणातले. अगदी समुद्रकाठचे."

"उतरलेत कुठे?"

"रेवतीच्या खोलीत."

"मुलीच्या खोलीत!"

"म्हणजे... ती माझ्या खोलीत झोपते. ती खोली त्यांनाच दिलीय." (ह्या एका वाक्यापायी रेवतीला त्या दिवसापासून खरंच माझ्या शेजारी, माझं घोरणं ऐकत झोपावं लागलं.)

"मग दर्शन कसं झालं नाही?"

"दिवसा बाहेर येत नाहीत."

"मौनी का?"

"एक अक्षर बोलत नाहीत, अण्णा."

"आहार?"

"खोबरं. केळं. कधीकधी..." मी 'सुकी मासळी' हे शब्द आवंढ्याबरोबर गिळले. "कधीकधी तेही नाही."

"आश्रम कुठे आहे?"

इतका वेळ दारात उभं राहून ऐकणाऱ्या रेवतीला काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे. ती म्हणाली, "आश्रम ते पाठीवर घेऊनच फिरतात!"

अण्णांचे डोळे पाणावले. हो, खरोखर पाणावले! "घर नाही, दार नाही, संग्रह नाही," ते म्हणाले. "मुली, अशी माणसं आता राहिली नाहीत गं." आणि तिथल्या तिथे त्यांनी जाहीर केलं, "द्वादशीला त्यांची भिक्षा आपल्याकडे. माझं आमंत्रण सांग त्यांना."

द्वादशी दोन दिवसांवर होती. मी रेवतीकडे बघितलं, रेवतीने माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "हो, सांगते."

त्या वेळी तरी खरं सांगून टाकायचं की नाही? मी सांगणारच होते. पण तेवढ्यात आमच्या शेजारच्या मिसराइन दही मागायला आल्या. अण्णांनी त्यांनाही द्वादशीचं आमंत्रण देऊन टाकलं. मिसराइनच्या कानात गोष्ट गेली म्हणजे गल्लीत लाउडस्पीकर लागला. दुसऱ्या दिवशी मी सब्जी आणायला खाली उतरले, तर दूधवाला विचारतो, "माताजी, सुना है आपके यहाँ समुंदर वाले बाबा आए हैं?" माझ्या हातातली भेंडी गळून पडली.

द्वादशीच्या आदल्या संध्याकाळी मी परात बाजूला करून संन्याशाला खोबऱ्याचा तुकडा देत होते. तेवढ्यात सांगलीहून माझ्या बहिणीचा फोन आला. आता बहिणीचा फोन म्हणजे दोन मिनिटांत थोडाच संपतो! तिच्या सुनेपासून सुरुवात झाली आणि मी बोलत बोलत खोलीतून बरामद्यात, बरामद्यातून स्वयंपाकघरात आले. परात तिकडेच राहिली.

सकाळी रेवतीची किंकाळी ऐकू आली. पेटी रिकामी!

"आई, झाकण कुणी काढलं?"

"माकडाने काढलं असेल," मी म्हटलं.

"माकडाने परात पुसून, कोपऱ्यात नीट उभी करून ठेवली?"

मी काही बोलले नाही. (ही वेळ दुर्मिळ, म्हणून मुद्दाम नोंदवते.) आम्ही पलंगाखाली शोधलं, सिलिंडरमागे शोधलं, तांदळाच्या डब्यात हात घालून शोधलं. रेवती रडायलाच लागली. "आई, त्याला ओलावा लागतो. त्याचे कल्ले सुकले तर श्वासच घेता येणार नाही त्याला. संपलं माझं सगळं!" पोरीचं वर्ष माझ्या टेलिफोनने गिळलं होतं.

आणि नेमक्या अशा वेळी मिसराइन हजर! हातात केळ्यांचा घड, मागे त्यांची जाऊबाई, जाऊबाईच्या हातात झेंडूचा हार.

"दीदी, स्वामीजी कहाँ हैं?"

"निकल गए," मी म्हटलं. तोंडातून खरं निघून गेलं.

"अरे! कब?"

"रात को. बिना बताए."

रेवतीने हुंदका दिला. "पानी नहीं मिला तो मर जाएँगे!"

"हाय राम!" मिसराइननी छातीवर हात ठेवला. "त इनके घर में पानी भी नहीं पूछा किसी ने?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात देवघरातून आवाज आला, "हूं!"

हा 'हूं' समजावून सांगायला हवा. अण्णा सोवळ्यात पूजेला बसले की मंत्राखेरीज एक शब्द बोलत नाहीत. काही हवं असलं की 'हूं' करतात आणि काय हवं ते आपण ओळखायचं. शिवाय ज्याची अंघोळ झालेली नाही, त्याने देवघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, हा नियम. शोधाशोधीत आमची दोघींचीही अंघोळ राहिली होती. म्हणून आम्ही उंबऱ्याबाहेरच ओळीने उभ्या राहिलो, मी, रेवती, मिसराइन आणि हारवाली जाऊबाई.

"तुळस हवी का?" मी विचारलं.

"हूं हूं!" म्हणजे नाही.

"गंध उगाळू?"

"हूं हूं हूं!"

"नैवेद्याला अजून वेळ आहे हो अण्णा. अंघोळ करते आणि लगेच भात टाकते."

अण्णांनी भुवया उचलल्या, पाडल्या, पुन्हा उचलल्या. मग मंत्र म्हणता म्हणता त्यांचा आवाज असा काही चढला की खालच्या गल्लीतला कुत्रा भुंकायला लागला. "गुरुजी को साक्षात्कार हो रहा है!" म्हणत मिसराइननी हात जोडले.

तेवढ्यात रेवतीने माझा दंड इतक्या जोरात दाबला की वळ उठला. "आई, तिकडे बघ. समईच्या मागे."

समईच्या मागून स्वामी येत होते! सावकाश, कसलीही घाई न करता, पाठीवर तो अपुरा शंख घेऊन, थेट देवापुढे. आमच्याकडे पूजेचा शंख वाजवायचा नसतो, पाण्याने भरून पितळी अडणीवर ठेवायचा असतो. रात्रभर तहानलेल्या जिवाला त्या पाण्याचा सुगावा लागला असावा. स्वामी अडणीपाशी पोचले आणि त्यांनी आपली नांगी शंखावर ठेवली.

रेवती आत धावणार होती. पाय उचललाही होता तिने! पण अण्णांनी तिच्याकडे असं काही बघितलं की तो पाय उंबऱ्याबाहेरच राहिला. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला असावा. तिने फोन काढला आणि तिथूनच शूटिंग सुरू केलं.

स्वामींनी शंख खाली ओढला. टण्णकन अडणी पडली, पाणी सांडलं. अण्णा मंत्र म्हणतच होते, पण डोळे त्या शंखावर. स्वामींनी शंख फिरवून बघितला, बाहेरून चाचपला, मग नांगी आत घालून पार कोपऱ्यापर्यंत तपासला. जागा बघायला आलेली माणसं नळ सोडून बघतात ना, अगदी तसं. आणि मग एका क्षणात जुन्या शंखातून बाहेर! मागचं ते मऊ, गुलाबी, वळलेलं अंग पहिल्यांदाच सगळ्यांना दिसलं.

"दीदी!" मिसराइन किंचाळल्या. "ई तो नागा निकला!"

पण तोवर नागासाधू उलट्या पावली आमच्या पूजेच्या शंखात शिरले होते. त्यांनी अंग हलवून बघितलं. जागा पसंत पडली. मग नांगीने दार लावून घेतलं.

अण्णांनी पूजा अर्धी टाकली नाही. आरती केली, नमस्कार केला, पळीभर तीर्थ घेतलं. मग वळून बसले.

"सुमन."

"अं?"

"हे काय आहे?"

"हेच ते... स्वामी."

मिसराइनची जाऊबाई हळूच हार मागे लपवायला लागली.

"मौनी?" अण्णांनी विचारलं.

"हो."

"कोकणातले?"

"हो."

"आणि आश्रम पाठीवर."

"हो, अण्णा."

"म्हणजे तू मला एकही शब्द खोटा सांगितला नाहीस."

"नाहीच मुळी!" मला एकदम हुरूप आला.

"आणि एकही खरा सांगितला नाहीस."

माझा हुरूप तिथेच बसला. रेवतीच मध्ये पडली. "अण्णा, चूक माझी आहे. माझं वर्ष गेलं असतं म्हणून आईने केलं सगळं. पण आता त्याला ओढून काढू नका हां. तो शंख सोडणार नाही, त्याचे तुकडे होतील. मी तुम्हाला दुसरा शंख आणून देते. चांगला, दक्षिणावर्ती!"

पोरीने नेमकं नको तिथे बोट ठेवलं, कारण तो अण्णांचा दुखरा भाग होता. तो शंख त्यांच्या आजोबांचा. पण साधा, नेहमीचा, वामावर्ती. गल्लीतल्या प्रत्येक मोठ्या घरी दक्षिणावर्ती शंख आणि आपल्या देवात मात्र हा, ह्याची अण्णांना आयुष्यभर खंत.

"दक्षिणावर्ती असता तर तुझे स्वामी आणखी खूश झाले असते, नाही का?" अण्णा कोरड्या आवाजात म्हणाले.

"छे! त्यात तो शिरलाच नसता," रेवती म्हणाली. "त्याचं अंग ज्या बाजूला वळलेलं असतं ना, त्याच बाजूला आपला हा शंख वळलाय. दक्षिणावर्ती उलटा वळतो, त्यात तो नीट बसतच नाही. मी इतके शंख ठेवले, त्याने एक घेतला नाही. घेतला तो तुमचा!"

अण्णांनी शंखाकडे बघितलं. आधी त्यांची मिशी हलली, मग खांदे हलले आणि मग अण्णा, आमचे अण्णा, उपरणं तोंडाला लावून हसायला लागले. इतके हसले की उचकी लागली. मला तर रडूच फुटलं, आनंदाने!

"आमंत्रण मी दिलं होतं," ते डोळे पुसत म्हणाले. "पाहुणा उपाशी जाता कामा नये." आणि त्यांनी स्वतः केळीच्या पानावर खोबऱ्याची फोड ठेवून ते पान शंखापुढे सरकवलं. खेकडा हा शब्द मात्र त्या दिवशीही कुणी उच्चारला नाही.

रेवतीचं शूटिंग बघून तिच्या सरांनी पाठ थोपटली म्हणे. प्रबंध वेळेत गेला. रंगकाम संपलं आणि स्वामी अण्णांच्या शंखासकट विभागात परत गेले. अण्णांनी शंख देताना एवढंच विचारलं, "त्यांना हा लहान पडायला किती दिवस लागतील?"

इथे गोष्ट संपली असती, पण अण्णांनी माझा हिशोब बाकी ठेवला होता. स्वामी गेले त्याच दिवशी त्यांनी मला बोलावलं. "सुमन, तुला शिक्षा म्हणून उद्या दिवसभर मौन. फोनसुद्धा नाही." पोरीचं वर्ष वाचलं होतं. मी मान डोलावली. एका दिवसाने काय मरते मी?

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसराइन आल्या. "का दीदी, का हाल बा?" मी ओठांवर बोट ठेवलं. त्या घाबरल्या. "गला बैठ गया?" मी मान हलवली. "भाईसाहब से झगड़ा हुआ?" मी पुन्हा मान हलवली. शेवटी अण्णाच बाहेर आले. आता अण्णांचं हिंदी म्हणजे मराठीच, फक्त शेवटी 'है' लावलेलं. ते म्हणाले, "हमने इसको शिक्षा दी है. आज दिवसभर मौन है."

मराठीत शिक्षा म्हणजे दंड. मिसराइनच्या हिंदीत शिक्षा म्हणजे विद्या!

"गुरुजी ने खुद शिक्षा दी!" त्या ओरडल्या आणि वाकून चक्क माझ्या पाया पडल्या. मी दोन्ही हात हलवून नाही नाही म्हणत होते. त्यांना वाटलं, आशीर्वाद देतेय.

दुपारपर्यंत बातमी गल्लीभर झाली. दूधवाला आला, त्याची आई आली, मिसराइनची जाऊबाई तोच हार घेऊन आली आणि ह्या वेळी तो तिने माझ्या गळ्यात घातला. जो तो आपली अडचण सांगे, मी कपाळावर हात मारून घेई आणि त्यातूनही ज्याला त्याला उत्तर मिळे! रेवती दारामागे पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होती आणि अण्णा तर पूजा नसतानाही नुसतं 'हूं' करून हसू दाबत होते.

संध्याकाळी मिसराइन निघताना डोळे पुसत म्हणाल्या, "दीदी, आज आपसे मिलकर बड़ी शांति मिली." लग्न होऊन काशीत आले तेव्हापासून मी ह्या बाईशी रोज तासन् तास बोलतेय, आणि मला ज्ञानी म्हटलं ते कधी, तर तोंड बंद असताना!